मोट

लावण्या वडनालनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा
मी कांड्यांच्या पेटीवर बसून चहा पीत होतो.
"मामा, दगड विणता येईल का?"
म्हटलं, आधी सूत तर कात.
ती हसली नाही. पिशवीतून मूठभर खडी काढली,
साधी, कुंभारीच्या खाणीतली काळी खडी,
घराच्या पायात घालतो ती.

भट्टी तिची अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली.
बाहेर चव्वेचाळीस, आत चौदाशे पन्नास.
तळाला प्लॅटिनमची चाळणी, दोनशे भोकांची,
पुण्याहून भाड्यानं आणलेली.
(तिच्या महिन्याच्या भाड्यात माझे दोन लूम आले असते.)
त्या भोकांतून खडक उतरतो
आधी मधासारखा,
मग केसासारखा,
मग दिसतच नाही, डोळे बारीक करून
दिव्याच्या आड धरावा लागतो.

आणि धागा कसला!
हात लावला की कोपरापर्यंत खाज.
लूमवर चढवला की फणीत कचाकच तुटायचा.
सात महिने तुटला.
तिच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं बरोबर यायचं.
एकदा चिडून म्हणालो,
तुझ्या कॉम्प्युटरला खळ लावून बघितलीस का?
दोघंही गप्प झालो.
मग चिंचोक्याचं पीठ शिजवलं, पातळ,
त्यात तिच्या बाटलीतलं सायलेन चार थेंब.
ताण सैल केला, धोट्याचा मार हलका,
आणि आठव्या महिन्यात हातभर कापड निघालं,
काकवीच्या रंगाचं.

बंगळुरूहून दोघं आले.
सबनीस नावाचा तरुण, पांढरे बूट,
आणि एक बाई, काही न बोलता लिहीत राहिलेली.
लूम बंद ठेवले होते. शेडमध्ये कबुतरं ऐकू येतात
हे मला तीस वर्षांत त्या दिवशी कळलं.
लावण्या सांगत होती,
न गंजणारी सळई, हलकी गॅसची टाकी,
पेट न घेणारी बॅटरीची पेटी.
सबनीसनं कापडाखाली लायटर धरला.
कापड लाल झालं.
लायटर विझला, कापड पुन्हा काकवी.

"छान," तो म्हणाला, "पण तुमचा मोट काय?"

मोट स्त्रीलिंगी, मी म्हणालो.
आमची मुस्तीच्या विहिरीवर होती, चामड्याची.
बैल उलट्या पावली मागं सरकायचे
तेव्हा ती खाली जायची, आणि अण्णा म्हणायचे,
नाड्यावर बसून घे, भार दे.
सबनीस ऐकत होता, बिचारा, मान हलवत.
लावण्यानं हळूच सांगितलं, मामा, खंदक.
दुसऱ्यानं चढून येऊ नये म्हणून असतो तो.
मी म्हटलं, मग भुईकोटाला होता की.
किल्ला पडायचा तेव्हा पडलाच.

तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली.
"खळ कुणाची?"
लावण्यानं माझ्याकडे बोट केलं.
"कागदावर यांचं नाव आहे?"
कबुतरं. नुसती कबुतरं.

संध्याकाळी लावण्या स्टॅम्पपेपर घेऊन घरी आली.
डोळे सुजलेले. अर्धा टक्का, मामा. सही करा.
मी आयुष्यभर पिकांवर मजुरी घेतली,
लाखाला इतके; मोजायचं घड्याळ लूमलाच असतं.
अर्धा टक्का कशाचा?
"आज तरी शून्याचा."
सही केली. अंगठ्याचं तेल कोपऱ्याला लागलं
ते लागलंच.

बंगळुरूहून अजून काही आलेलं नाही.
रात्रपाळीला त्याच लूमवर टॉवेल निघतात, वीजबिलापुरते.
हातभर कापडातला कापून उरलेला तुकडा
बायको कढई उतरवायला घेते.
म्हणते, तुमचं दगडाचं फडकं चांगलंय हो,
पण हात खाजतोय अजून.

मला एक सुचलंय. चिंचोके भाजून बघायचे आधी.
लावण्याला सकाळीच सांगितलं असतं,
पण पाचव्या दिवसाचं पाणी आलंय,
हे पिंप भरू द्या.